पोकरमध्ये मदत हवी आहे : मधल्या ताकदीचा हात आणि समोरून तिन्ही फेऱ्यांत येणारी बेट (पैज)

नमस्कार मंडळी,

आम्ही बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील काही जण रात्री ऑनलाइन टेबलावर नो-लिमिट टेक्सास होल्डेम (पोकरचा प्रकार : प्रत्येकाच्या हातात दोन पाने, मध्ये सर्वांसाठी पाच उघडी पाने) खेळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा झाल्यापासून आमचा डाव केवळ आभासी चिप्सवर चालतो. तरीही सर्व जण हिशेब ठेवून खेळतात आणि डाव संपल्यावर त्यावर वादही घालतात. त्यामुळे "फुकटच्या चिप्स आहेत, कॉल करून (तेवढ्याच चिप्स घालून) पाहावे" असे उत्तर कृपया देऊ नये.

हात भक्कम असला किंवा हातात काहीच नसले, तर निर्णय अवघड नसतो. माझी अडचण दुसऱ्या क्रमांकाच्या जोडीची, किंवा वरची जोडी असूनही किकर (जोडीसोबतचे दुसरे पान) हलका असलेल्या हाताची आहे. असा हात फ्लॉपवर (पहिल्या तीन उघड्या पानांवर) सोडावासा वाटत नाही, टर्नवर (चौथ्या पानावर) शंका येते, आणि रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या पानावर) पुन्हा मोठी बेट आली की नेमके काय मोजायचे, हेच समजत नाही.

उदाहरणासाठी एक डाव देतो. सहा जणांचे टेबल, ब्लाइंड (दोन खेळाडूंनी आधीच घालायच्या सक्तीच्या चिप्स) ५०/१००, दोघांकडेही साधारण १०,००० चिप्स. बटनवर (फ्लॉपनंतर शेवटी खेळण्याच्या जागेवर) बसलेल्या निपाणीच्या खेळाडूने २५० चा रेज केला (बेट वाढवली), स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली आणि मी बिग ब्लाइंडमधून बदाम गुलाम व किलवर दश्शी घेऊन कॉल केला. पॉट (मध्ये जमलेल्या एकूण चिप्स) ५५० झाला.

फ्लॉप : किलवर बादशहा, चौकट गुलाम, किलवर छक्की. मी चेक (बेट न लावता पुढे), समोरून ३५०, माझा कॉल. पॉट १,२५०.
टर्न : इस्पिक तिर्री. मी चेक, समोरून ८५०, माझा कॉल. पॉट २,९५०.
रिव्हर : चौकट अठ्ठी. मी चेक, समोरून २,०००.

फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) लागलेला नाही आणि या पानांवर कोणाचाही स्ट्रेट (क्रमाने पाच पाने) होऊ शकत नाही, म्हणजे सगळे ड्रॉ (पूर्ण व्हायला एखादे पान लागणारे हात) फसले आहेत. हे पाहून कॉल करावासा वाटतो. दुसरीकडे, या गृहस्थांनी तिसरी बेट लावून पाने दाखवली की बहुतेक वेळा बादशहाची जोडी किंवा त्याहून वरचेच काही निघते. पुढे काय झाले ते मुद्दाम सांगत नाही, कारण त्यावरून निर्णय बरोबर की चूक हे ठरत नाही. दोनदा कॉल केल्यावर रिव्हरला पाने टाकणे म्हणजे आधीचे १,२०० वाया घालवणे आहे का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

प्रतिसाद १ (चिकोडी)

वाया मुळीच नाही. आपल्याकडचे बरेच जण तीन पत्तीतून इकडे आलेले असतात आणि तिथली एक सवय सोबत आणतात : चाल टाकत राहायची आणि शेवटी शो मागायचा. पण तीन पत्तीत पाने एकदाच वाटली जातात. होल्डेममध्ये प्रत्येक फेरीत उघडे पान वाढते आणि बेटही वाढते, म्हणून फ्लॉपवरचा कॉल हा रिव्हरपर्यंत जाण्याचा शब्द नसतो.

आकड्यांत पाहा. रिव्हरला तुम्हाला २,००० घालून एकूण ६,९५० च्या पॉटसाठी लढायचे आहे, म्हणजे साधारण २९ टक्के वेळा तुमचा हात सरस असायला हवा. आधीच्या दोन फेऱ्यांतही हे प्रमाण २८-२९ टक्केच होते, मग फरक कुठे आहे? फ्लॉपवर तुम्ही मागे असलात तरी दोन गुलाम आणि तीन दश्श्या मिळून पाच पाने तुम्हाला सुधारू शकत होती, आणि दोन पाने यायची असताना ती संधी सुमारे २० टक्के असते. रिव्हरला ती शून्य. आता तुमचा हात फक्त ब्लफ (हलक्या हाताने मारलेली थाप) पकडू शकतो.

आता दुसरा हिशेब. समोरच्याला कोणत्याही दोन पानांनी ब्लफ मारून फायदा होऊ नये, यासाठी एवढ्या मोठ्या बेटसमोर आपण आपल्या हातांपैकी सुमारे ६० टक्के हात टिकवावेत असे गणित सांगते. तिन्ही फेऱ्यांत तसे केले, तर फ्लॉपवरच्या हातांपैकी शेवटपर्यंत पोहोचतात ते पाचवा हिस्सा किंवा थोडे अधिक. म्हणजे मधले हात टप्प्याटप्प्याने गळणे हा योग्य खेळाचाच भाग आहे. शिवाय ते ६० टक्के ब्लफचे प्रमाण बरोबर राखणाऱ्या खेळाडूसमोर लागू होतात. तुमचे निपाणीकर तसे दिसत नाहीत.

प्रतिसाद २ (खानापूर)

वरील गणिताशी सहमत आहे. पण दादा, तुमच्या हातातील किलवर दश्शीकडे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि माझ्या मते या डावाचे उत्तर तिच्यातच आहे.

समोरचा तीनदा बेट लावतो तेव्हा त्याच्याकडे एक तर बादशहा किंवा अधिक काही असते, नाहीतर फसलेला ड्रॉ. तुमची पाने धरून मोजले, तर एक्का-बादशहा १२ प्रकारे, बादशहा-राणी १२, बादशहा-गुलाम ६, दोन एक्के ६, छक्क्यांचे किंवा तिर्र्यांचे त्रिकूट मिळून ६, एकूण ४२. कॉल फायद्याचा ठरण्यासाठी त्यांच्या जोडीला किमान १७ ब्लफ हवेत. फसलेले मुख्य ड्रॉ म्हणजे राणी-दश्शी, दश्शी-नव्वी आणि किलवरची दोन पाने. यांपैकी पहिले दोन एरवी प्रत्येकी १६ प्रकारे येतात, तुमच्या दश्शीमुळे १२-१२ च उरतात, आणि ती किलवरची असल्याने फ्लशचे काही ड्रॉही कमी होतात. त्यातही हे सगळे हात तो तिन्ही वेळा बेट लावेल असे नाही.

याउलट हातात बदाम एक्का आणि बदाम गुलाम असते, तर एक्का-बादशहा १२ वरून ९ आणि दोन एक्के ६ वरून ३ झाले असते, आणि दश्शीवाले ब्लफ सगळे शिल्लक राहिले असते. तिथे मी कॉल केला असता. तुमच्या हाताने मात्र पाने टाकली असती.

मूळ लेखक

दोघांचेही आभार. एक शंका राहते : मग टर्नवरच सोडावे, की फ्लॉपवर रेज करून प्रश्न तिथेच मिटवावा?

प्रतिसाद १ (चिकोडी)

रेज नको. त्याने तुमच्याहून हलके हात निघून जातील आणि बादशहावाले बसून राहतील. टर्नवर तिर्रीसारखे निरुपद्रवी पान आले, तर फ्लॉपवर ड्रॉ घेऊन बेट लावणारा बहुतेकदा दुसरीही लावतो, म्हणून तिथला कॉल मला चालेल. एक्का, राणी किंवा किलवर आले असते, तर मात्र मी टर्नवरच थांबलो असतो. आणि रिव्हरला २,००० ऐवजी ७०० आले असते, तर १६ टक्के पुरे होते. तेव्हा दश्शी असूनही कॉल करावा.