बँकेच्या दाव्यात तडजोड करताना लेखी काय काय घ्यावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

धाकट्या भावाची नोकरी गेली आणि पर्सनल लोनचे हप्ते थकले. आता बँकेने पुण्याच्या दिवाणी न्यायालयात ऑर्डर 37 खाली समरी सूट (झटपट निकाल लागणारा वसुलीचा दावा) लावलाय. समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत हजेरी नोंदवली नाही तर थेट हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा आदेश) होऊ शकतो, म्हणून वकिलांकडून ते आधी उरकून घेतलं.

मागणी 4,12,000 ची. त्यात मुद्दल 2,60,000, बाकी व्याज आणि दंड. वसुलीवाला फोनवर म्हणतो, "ताई, अडीच लाख एकरकमी टाका, विषय संपवू." लेखी मागितलं की टाळाटाळ, आणि पैसे मागतोय त्याच्याच यूपीआयवर! बँकेच्या लेटरहेडवर, लोन खाते क्रमांकासह पत्र आल्याशिवाय मी एक रुपया सोडणार नाही.

लोकअदालतीत मिटवावं असं मला वाटतं. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही, शिवाय बँकेला कोर्ट फी परत मिळते. पण अडीच लाख एकदम उभे राहणं कठीण आहे. हप्त्यांत तडजोड केली आणि एखादा चुकला तर रकमेत मिळालेली सगळी सवलत जाते का? ते कलम कुणी सौम्य करून घेतलंय का? भावाचे सही केलेले कोरे चेक बँकेकडे आहेत, ते परत देण्याचं निवाड्यातच लिहून घ्यावं ना? आणि सिबिलवरचा (कर्जफेडीच्या नोंदीतला) 'सेटल्ड' शेरा उरलेली रक्कम नंतर भरून 'क्लोज्ड' करून घेतलेलं कुणी आहे का?

स्वतः यातून गेलेल्यांनी कृपया सांगा. तडजोडीचा मसुदा कुणाकडे असेल तर नाव-पत्ता झाकून पाठवलात तरी फार मदत होईल.