टाकीत क्लोरीन पुरेसा, तरी नळाच्या पाण्यात कोलिफॉर्म. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी नेरुळला, इमारत जुनी, पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे. खालच्या टाकीत उरलेला क्लोरीन ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर भरतो, म्हणजे ०.२ या किमान मर्यादेच्या बराच वर. तरीही वरच्या मजल्यांवरच्या नळाच्या पाण्यात कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित झाल्याची खूण मानले जाणारे जिवाणू, सापडले.

कमिटीत सगळ्यांचं एकच, क्लोरीनची ब्लीचिंग पावडर वाढवा. मला ते पटत नाही. पाइपच्या आत बुळबुळीत थर धरतो, बायोफिल्म म्हणतात तो. त्यातले जिवाणू चिकट आवरणात दडलेले असतात. क्लोरीन वरच्या थरातच खर्ची पडतो, आत फारसा पोचत नाही. शिवाय तळाचे जिवाणू मंदावलेले, म्हणून अधिकच चिवट. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ८ च्या वर गेला तरी क्लोरीनचा जोर ओसरतो; तो आम्ही अजून मोजलेला नाही, आता मोजणार.

टाकी घासून घेतली की भागेल, की वर जाणारे पाइपही जास्त मात्रेच्या क्लोरीनने धुवावे लागतील? जुन्या जीआय पाइपांना ते झेपेल का? ठाणे-नवी मुंबईत हे काम नीट करणारं कोणी माहीत असेल तर कृपया सांगा. इमारतीत तान्ही बाळं आहेत, सध्या सगळ्यांना पाणी उकळूनच प्यायला सांगितलंय.