लानिडलॉइसची ओकच्या सांगाड्याची घरं: चुन्याची सक्ती करावी का?

(मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

गिलावा

मध्य वेल्समधलं लानिडलॉइस हे सेव्हर्न नदीकाठचं पहिलं शहर. इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डनं १२८० मध्ये इथे बाजाराची सनद दिली. ग्रेट ओक स्ट्रीटवर शनिवारचा बाजार अजून भरतो. वस्ती जेमतेम तीन हजार. चार रस्ते मिळतात त्या चौकात ओकच्या खांबांवर जुनं बाजारघर उभं आहे, खाली मोकळी जागा आणि वर खोली. लाकडाच्या वर्षवलयांवरून त्याचं बांधकाम १६१२ ते १६२२ च्या दरम्यानचं ठरतं. लाकडी सांगाड्याचं बाजारघर मूळ जागी उभं आहे, असं वेल्सभरात हे एकच उरलंय.

बाजारघराकडे सगळ्यांचं लक्ष असतं. प्रश्न आजूबाजूच्या घरांचा आहे. फ्लॅनेल या लोकरी कापडाच्या धंद्यानं पैसा आला तेव्हा अनेक घरांना पुढून विटांचा चेहरा चढला, आत ओकचा सांगाडा तसाच राहिला. बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर विसाव्या शतकात सिमेंट थापलं गेलं. माझं मत स्पष्ट आहे: वारसा म्हणून जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीतल्या लाकडी सांगाड्याच्या घरांना सिमेंट आणि जिप्समची पूर्ण बंदी हवी, दुरुस्ती चुन्यातच व्हायला हवी.

हिशेबनीस

साफ असहमत. सक्तीची किंमत कोण मोजणार? ब्रिटनमध्ये नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य, जुन्याच्या दुरुस्तीवर २० टक्के. यादीतल्या घरांच्या मंजूर फेरबदलांना पूर्वी व्हॅट माफ होता, तीही सवलत ऑक्टोबर २०१२ मध्ये गेली. शिवाय चुन्याचे तीन थर, प्रत्येक थराला वाळायला आठवडा ते दोन आठवडे. खाली दुकान असेल तर दीड महिना पहाड (बांधकामाची परांची) समोर. लहान दुकानदार सरळ दुरुस्ती टाळेल आणि न दुरुस्त केलेलं छप्पर सिमेंटपेक्षा लवकर घर खातं. बाजार माणसांवर चालतो. वरच्या मजल्यावर कुणी राहिलंच नाही, तर शनिवार सोडून सहा दिवस रस्ता ओस पडेल.

रंधा

खर्चाचा मुद्दा मान्य, पण सिमेंट नक्की काय करतं ते आधी नीट पाहू.

या घरांत सांगाड्याच्या चौकटीत मूळ भिंत कुडाची असते. ओकच्या उभ्या काठ्या वरच्या तुळईतल्या भोकांत आणि खालच्या तुळईतल्या खाचेत बसवतात, त्यांत हेझल या झुडपाच्या कामट्या विणतात आणि वर माती, चिरलेला पेंढा व शेण यांचा लेप. आपल्या कोकणातल्या कुडासारखंच. ओक आडवा आकसतो आणि फुगतो, त्याच्या कडेला केसाएवढी फट पडतेच. कूड आणि चुना ती हालचाल सोसतात. फटीतून आत गेलेलं पाणी त्यांच्या सगळ्या अंगातून बाहेर निघून जातं.

तिथे सिमेंट भरलं की फट तशीच राहते, पण पाण्याची बाहेरची वाट बंद होते. मग पाणी खाली उतरतं आणि खालच्या तुळईच्या खाचेत साचतं. ही खाच म्हणजे ओकमध्ये कोरलेली वाटीच. तिच्यात उभ्या खांबाचं कुसू, म्हणजे तुळईत बसणारं टोक, बुडून राहतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी लागते, ओलं ओक पोखरणारे भुंगेरे येतात. बाहेरून खांब धडधाकट दिसतो, पण बारीक टोच्या खुपसला तर बोटभर आत जातो.

उपाय: सिमेंट छिन्नीनं हलक्या हातानं काढा, यंत्राचे हादरे सांध्यांना सोसत नाहीत. कुजलेलं टोक निरोगी लाकडापर्यंत कापून जुन्या वाळलेल्या ओकचा तिरका जोड द्या, ओकच्याच खुंट्या मारा. बोल्ट लागलाच तर स्टेनलेस. साधं लोखंड ओकमधल्या टॅनिन या आम्लानं गंजतं, भोवती काळा डाग पसरतो. आणि पाणी धरणाऱ्या खाचेच्या तळातून १० मिमीचं भोक खाली बाहेर काढा. एवढ्याशा भोकानं पुढचं कुजणं पुष्कळ थांबतं.

कुडमेढी

रंधा यांच्याशी सहमत, पण 'चुना म्हणजे सुरक्षित' हे मूळ धाग्यातलं गृहीतक धोक्याचं आहे. पाण्यातही घट्ट होणारा तयार चुना पोत्यात मिळतो. त्याची सगळ्यात कडक, पाच नंबरची जात कुडाच्या भिंतीवर थापली तर ती सिमेंटसारखीच वागते: कडक पापुद्रा, मागे ओल. पोत्यावर 'चुना' लिहिलेलं असल्यानं तपासणाऱ्यालाही काही खटकत नाही.

कुडाला किमान तीन महिने मुरवलेला चुना हवा, एक भाग चुन्याला तीन भाग जाडसर, धुतलेली वाळू. पहिल्या दोन थरांत बकरीचे केस, पण थापण्याच्या अगदी आधी मिसळायचे; ओल्या चुन्यात ते आठवड्यानुआठवडे पडून राहिले तर विरतात. पहिला थर १० मिमीच्या आसपास, ओला असतानाच ओरखडून ठेवायचा. प्रत्येक थरावर काही दिवस ओलं गोणपाट. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम नको, म्हणजे तिथे साधारण एप्रिल ते सप्टेंबर. ऑक्टोबरात उरकलेला गिलावा थंडीत गोठतो आणि वसंतात भुगा होऊन पडतो. मग दोष चुन्याच्या माथी! बाहेरून चुन्याचे चार-पाच पातळ हात, एक जाड कधीच नाही.

सक्ती केलीत आणि हे जाणणारे गवंडी पुरेसे नसतील, तर दहा वर्षांत गावभर चुकीच्या चुन्याचं काम उभं राहील. सक्तीला माझा विरोध त्यासाठी आहे.

हिशेबनीस

आणि थंडीचं काय? चार इंची कुडाच्या भिंतीत जानेवारी काढणाऱ्याला वारशाचं प्रवचन पुरत नाही. भाडेकरू ऊबदार घर मागतो.

रंधा

ऊब देता येते. आतून ४० ते ६० मिमी लाकूडतंतूंचे फलक चुन्यात बसवून वर चुन्याचाच गिलावा. बाष्प ये-जा करू शकतं. याहून जाड लावायचा मोह टाळा, कारण आतली ऊब अडली की सांगाडा आणखी गार पडतो आणि फलकामागे दव धरतं. चकचकीत पन्नीचे फोमचे फलक तर नकोतच. तिथे हे दव हमखास धरतं, आणि लाकूड कुजलेलं कळायला पंधरा वर्षं लागतात. हिशेबनीस, तुमच्या कामाची गोष्ट: राहत्या घरातल्या ऊबरोधक साहित्यावर, ते बसवूनही, ३१ मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य आहे. दोन वर्षं रिकाम्या राहिलेल्या घराच्या दुरुस्तीला ५ टक्के. वरचे बंद मजले उघडायला हा दर उपयोगी पडेल.

चौकातला

एक बाजू राहतेय. हे बाजारघर टिकलं ते वापरामुळे. वरच्या खोलीत न्यायालय भरलं, पुढे वाचनालय, कामगारांची संस्था आणि १९९५ पर्यंत संग्रहालय होतं. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली इथे प्रवचनाला आला होता. १८३९ मध्ये पकडलेल्या चार्टिस्टांना, म्हणजे कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्यांना, सोडवायला जमाव ट्रेविदन आर्म्स या हॉटेलवर चालून गेला, तोही याच ग्रेट ओक स्ट्रीटवर. पोटासाठी आणि मतासाठी भांडणाऱ्या विणकरांचं हे गाव. सक्तीनं ते देखणं दिसेल, पण घरं परवडणाऱ्यांच्याच हाती जातील आणि शनिवारी भाजी घ्यायला कुणी उरणार नाही.

आणि कायदा आहेच. यादीतल्या इमारतीचं स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय केलं तर तो गुन्हा आहे. नवी बंदी कशाला?

गिलावा

कायदा आहे, पण पळवाटही आहे. 'जसंच्या तसं' दुरुस्तीला सहसा परवानगी लागत नाही. १९६० सालचं सिमेंट तडकलं की त्याच जागी नवं सिमेंट भरतात आणि ती जशीच्या तशी दुरुस्ती ठरते! बंदी मला तेवढ्यासाठीच हवी. कुडमेढींचा आक्षेप मात्र मी स्वीकारतो. बंदीत चुन्याची जात लिहायलाच हवी, आणि गवंडी तयार होईपर्यंत मुदत द्यावी.

पैसे थोडे असतील तर क्रम असा ठेवा: आधी पन्हळी आणि छपरावरच्या सरकलेल्या स्लेटी (दगडी पाट्या), मग सर्वात खालच्या तुळईलगत चढलेली माती नि फरसबंदी उतरवणं, मग पश्चिमेच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवरचं सिमेंट काढणं. बाकीच्या भिंती थांबू शकतात.

हिशेबनीस

या क्रमाला माझा पाठिंबा आहे. पन्हळी साफ करायला दीड महिन्याचा पहाड लागत नाही. पण दुरुस्तीवर २० टक्के आणि नव्या घराला शून्य, हे उलटं आहे तोवर बंदीच्या बाजूनं मी मत देणार नाही.