हार्मोनिक ड्राइव्ह: दोन दात्यांच्या फरकातून 100:1 कसं निघतं? आणि छापलेल्या गिअरबॉक्सचे दाते का उडतात?

तिरपे_दाते
हार्मोनिक ड्राइव्ह (गती कमी करणारा एक गिअरबॉक्स) उघडा ठेवून फिरवला की नजर हटत नाही. मधे लंबगोल वेव्ह जनरेटर, त्यावर चढवलेली पातळ दातेरी वाटी (फ्लेक्सस्प्लाइन) आणि बाहेर आतून दाते असलेली जाड रिंग. भाग तीनच, पण काम प्लॅनेटरी गिअरबॉक्सच्या (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात तो) दोन-तीन स्टेजचं! दोन गोष्टी मात्र डोक्यात बसत नाहीत.

पहिली, वाटीला 200 दाते आणि रिंगला 202, एवढ्याशा फरकातून गती 100 पट कमी कशी होते?

दुसरी, 3डी प्रिंटरवर छापलेली आवृत्ती. मॉड्यूल 1 (दात्याच्या आकाराचं माप, मिमीमध्ये), दाते 60 आणि 62, सगळं पीएलएमध्ये (छपाईचं नेहमीचं प्लॅस्टिक). वाटीची भिंत 2 मिमी, उंची 25 मिमी. जनरेटर म्हणजे समोरासमोर दोन बॉल बेअरिंग, मोटर नेमा 17 स्टेपर. मोकळं फिरवलं तर झकास. आउटपुट हाताने जरा अडवला की कट्-कट् करत दाते उडतात, म्हणजे तुटत नाहीत, एकमेकांवरून निसटतात. वाटीच्या तळाच्या कोपऱ्यात बारीक तडाही गेलाय. चूक डिझाइनची की मटेरियलची?

सूक्ष्ममापी
पहिल्याचं उत्तर पेनाने मिळेल. वाटीच्या एका दात्यावर आणि त्याच्यासमोर रिंगवर खूण करा. रिंग घट्ट धरून जनरेटर अर्धा फेरा फिरवा. वाटीवरची खूण उलट दिशेने एक दाता सरकलेली दिसेल. पूर्ण फेऱ्यात दोन दाते. म्हणजे 200 दात्यांची वाटी एकदा फिरायला जनरेटरचे 100 फेरे लागतात. वाटी धरून रिंग फिरू दिली तर 202 ÷ 2 म्हणजे 101, आणि दिशा जनरेटरचीच. तुमच्या जोडीत हेच आकडे 30 आणि 31.

वॉल्टन मसर या अमेरिकी संशोधकाने याच्या पेटंटसाठी 1955 मध्ये अर्ज केला, 1959 मध्ये ते मिळालं. गिअरचा कुठलाही भाग वाकू नये म्हणून बाकीचे जाडी वाढवत होते. याने वाकणं हेच काम वाटीला दिलं! साध्या गिअरमध्ये एका वेळी एक-दोन दाते भार घेतात, इथे लंबगोलाच्या दोन्ही टोकांना मिळून साधारण 30 टक्के दाते गुंतलेले असतात. म्हणून एवढ्याशा डबीत एवढा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मावतो आणि बॅकलॅश (दात्यांमधला ढिलेपणा) जवळपास शून्य राहतो. 1971 मध्ये अपोलो 15 सोबत चंद्रावर गेलेल्या गाडीच्या प्रत्येक चाकात 80:1 चा हार्मोनिक ड्राइव्ह होता, तोही सीलबंद.

वंगणवाला
दुसऱ्यावर येतो. चूक मुख्यतः डिझाइनची आहे, पीएलएची थोडी.

आधी व्हर्नियर घ्या. जनरेटर काढून वाटीच्या समोरासमोरच्या दात्यांच्या टोकांवरून व्यास मोजा, मग जनरेटर घालून लांब अक्षावर मोजा. दात्यांचा फरक 2 असेल तर वाटी प्रत्येक बाजूला एक मॉड्यूल बाहेर यायला हवी, म्हणजे तुमच्याकडे व्यासात 2 मिमी वाढ. 1.6 भरली तर दोन्ही बाजूंना दाते 0.2 मिमी वर तरंगतायत, आणि तेवढं उडायला पुरतं. वाटी रात्रभर जनरेटरवर चढवून ठेवली असेल तर पीएलए तसंच लंबगोल होऊन बसतं आणि पकड जाते. काम झालं की जनरेटर काढून ठेवा.

खरा गुन्हेगार मला दोन बेअरिंगचा जनरेटर वाटतो. आधार दोनच बिंदूंवर, आजूबाजूची भिंत मोकळी. भार आला की तिथली भिंत आत दबते आणि दाते एकमेकांवर चढतात. दोनाऐवजी चार बेअरिंग घ्या, लांब अक्षाच्या दोन्ही बाजूंना 25 ते 30 अंशांवर. कारखान्यातल्या जनरेटरवर पातळ कड्यांचं लवचिक बेअरिंग असतं. ते वाटीला सगळीकडून टेकतं, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

आता भिंत. वाकण्यातून येणारा स्ट्रेन (मटेरियल किती टक्के ताणलं जातं ते) अंदाजे 1.5 × जाडी × बाहेर येण्याचं अंतर ÷ त्रिज्येचा वर्ग. 2 मिमीला 1.5 × 2 × 1 ÷ 900, म्हणजे 0.33 टक्के. भिंत 1.2 मिमी केली (0.4 च्या नोझलच्या तीन रेषा) तर 0.2 टक्के. आकडा किरकोळ वाटतो, पण जनरेटरच्या प्रत्येक फेऱ्यात वाटी दोनदा वाकते. 300 आरपीएमवर तासाला 36,000 वेळा.

तडा मात्र या वाकण्याचा नाही. वाटीचं तोंड लंबगोल होतं, तळ गोलच राहतो. मधली भिंत तिरकी होते, आणि वाटी जितकी बुटकी तितका तिरकेपणा जास्त. 60 मिमी व्यासाला 25 मिमी उंची फारच कमी, किमान 50 घ्या. उभ्या छापलेल्या वाटीत हा ताण थेट थरांच्या जोडावर येतो, आणि तुमचा तडा नेमका तिथे आहे. कोपऱ्याला 3-4 मिमी त्रिज्येची गोलाई द्या. वाटीसाठी पीएलए सोडून नायलॉन घ्या. रिंगला पीएलए चालेल, पण ती जाड हवी. पातळ रिंग भाराखाली स्वतःच लंबगोल होते आणि दोष वाटीवर ढकलला जातो.

काटकोन
दात्यांच्या उंचीचं राहिलं. आखूड अक्षावर दोघांच्या पिच रेषा (दात्याची उंची जिथून मोजतात ती मधली रेषा) 2 मॉड्यूल लांब जातात. दाते नेहमीच्या उंचीचे असले (पिच रेषेवर 1 मॉड्यूल) तर तिथे टोकाला टोक घासतं. दोन्हीकडची टोकं 0.2 मिमी छाटा, 0.4 मिमीची फट मिळेल. छापताना पहिला थर पसरतो, तोही दात्यांत अडकतो. खालच्या कडेला 0.4 मिमीचा चॅम्फर (तिरका काप) ठेवा.

एक भाबडा समज मात्र खोडायला हवा. बॅकलॅश शून्य म्हणजे चूक शून्य नाही. वाटी पिळली जाते. इनपुट लॉक करा, आउटपुटला आर्म लावून 200 मिमीवर 1 किलो टांगा, म्हणजे साधारण 2 न्यूटन-मीटर. 100 मिमीवर लावलेला डायल गेज 0.1 मिमी सरकला तर पीळ सुमारे 3.4 आर्क-मिनिट (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक आर्क-मिनिट). प्लॅस्टिकमध्ये याहून बराच जास्त दिसेल, आणि वजन काढल्यावर काटा शून्यावर परतला नाही तर दचकू नका, तो हिस्टेरेसिस (भार काढल्यावरही मागे उरणारा पीळ). रोबोटच्या मनगटाला हार्मोनिक शोभतो. खालच्या सांध्यांना जिथे धक्के बसतात तिथे बहुधा गिअरबॉक्सचा सायक्लॉइडल प्रकार (विषमकेंद्री फिरणाऱ्या चकतीचा) वापरतात, तो यात दणकट.

तिरपे_दाते
व्यासातली वाढ 1.5 मिमीच भरली! चार बेअरिंगचा जनरेटर काढतोय. दाते एकदा उडल्यावर पुन्हा जोडताना काही पथ्य?

वंगणवाला
आहे. दाते उडल्यावर वाटी कधी कधी एकाच बाजूला जास्त रुतून बसते. दोन्ही टोकांचं गुंतणं सारखं राहत नाही, तरी गिअरबॉक्स फिरतो, म्हणून लक्षात येत नाही. जनरेटर हाताने सावकाश एक फेरा फिरवा. एकदा जड, एकदा हलका लागला तर सगळं सोडवून परत जोडा. वाटी आधी रिंगमध्ये बसवायची आणि जनरेटर शेवटी, हळूहळू फिरवत आत न्यायचा. ठोकून किंवा दाबून नाही. दात्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. स्टेपरचा करंटही उतरवा. तापलेल्या शाफ्टवर पीएलएचा हब 60 अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि जनरेटर जागच्या जागी गरगरतो, मग दाते उडाले असंच वाटत राहतं.