पहिलीसाठी शाळा निवडायची आहे, मदत हवी आहे (नागपूर, मनीषनगर-बेसा)

नमस्कार मंडळी,

मुलीला पुढच्या वर्षी पहिलीत घालायचंय. सध्या खासगी शाळा पाहतोय. सगळीकडे आधी एसी वर्ग, स्मार्ट बोर्ड, स्विमिंग पूल दाखवतात. नागपूरचा एप्रिल पाहता एसी मलाही नकोसा नाही. पण एका छोट्या शाळेत वर्गाबाहेर मुलांच्या वह्या मांडल्या होत्या. चुकलेल्या शब्दाखाली बाईंनी तोच शब्द सुवाच्य लिहून दिलेला, पुढच्या पानावर मुलाने तो बरोबर लिहिलेला. मन तिथेच अडकलंय. तिथे मैदान मात्र अगदीच लहान आहे.

दुसऱ्या एका शाळेत लेकीची 'मुलाखत' घेऊ म्हणाले. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही, देणगीही मागता येत नाही. तिथून परत आलो.

आता तुम्ही सांगा. ज्यांची मुलं तीन-चार वर्षं एकाच शाळेत आहेत, त्यांना आज कशाचं समाधान वाटतं? शिक्षक टिकतात का, हे बाहेरून कसं ओळखायचं? फीवाढीच्या वेळी पालक-शिक्षक संघाचं खरंच ऐकतात का? आणि भर उन्हात दुपारी सुटणाऱ्या बसमध्ये लहान मुलं किती वेळ असतात? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतोय.

शाळेचं नाव इथे लिहायचं नसेल तर मेसेज करा, प्लीज.