मदत हवी आहे: एन्झाइम मंद, मग घड्याळ जलद कसं?

नमस्कार मंडळी,
एमएस्सीच्या सेमिनारसाठी सस्तन प्राण्यांचं जैविक घड्याळ हा विषय घेतलाय. मूळ चक्र समजलं: क्लॉक आणि बीमॅल-१ या प्रथिनांची जोडी पीईआर आणि सीआरवाय या प्रथिनांची जनुकं चालू करते, ही प्रथिनं साठली की केंद्रकात शिरून त्याच जोडीला गप्प करतात, ती नष्ट झाली की पुन्हा पहिल्यापासून.

गाडी अडलीय ती केसीन कायनेज-१ वर, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमवर. राल्फ आणि मेनाकर यांनी १९८८ मध्ये 'टाऊ' हा जनुकीय बदल असलेल्या हॅमस्टरचं वर्णन केलं. सतत अंधारात ठेवलं तरी जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या हॅमस्टरचा दिवस सुमारे २० तासांचा. २००० मध्ये कळलं की दोष या कायनेजच्या एप्सिलॉन प्रकारात आहे, आणि परीक्षानळीत तो एन्झाइम मंद भरतो. पण हाच कायनेज औषधाने दाबला तर पेशींचं घड्याळ लांबतं! काम दोन्हीकडे कमीच होतंय, मग परिणाम उलटा का? गाइडना विचारलं तर "पेपर वाच" एवढंच उत्तर. वाचलेत हो, म्हणून तर डोकं फिरलंय.

प्रतिसाद १ (रातकिडा):
प्रश्न बरोबर जागी आलाय. 'मंद' हा निकाल परीक्षानळीतला आहे, पेशीतल्या पीईआर-२ ची (पीईआरचा एक प्रकार) गोष्ट वेगळी. हा कायनेज पीईआर-२ वर दोन ठिकाणी फॉस्फेट लावतो, आणि दोन्हींचा परिणाम एकमेकांच्या विरुद्ध.

एक जागा माणसात ६६२ व्या सेरीनपाशी (सेरीन म्हणजे प्रथिनाच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल). तिथे पहिला फॉस्फेट रडतखडत लागतो, पण एकदा लागला की पुढचे सेरीन पटापट भरतात आणि प्रथिन टिकतं. दुसरी जागा उंदरात ४७८ व्या सेरीनपाशी. तिथे फॉस्फेट लागला की बीटा-टीआरसीपी हे प्रथिन त्याला ओळखतं, युबिक्विटिन ही 'नष्ट करा' अशी खूण चिकटते आणि प्रोटिअसोम हे पेशीतलं यंत्र प्रथिनाचे तुकडे करतं. टाऊ बदलामुळे पहिलं काम घटतं आणि दुसरं वाढतं. पीईआर-२ लवकर संपतं, घड्याळ पुढे पळतं. औषध मात्र दोन्ही कामं मंदावतं. प्रथिन सावकाश नष्ट होतं, म्हणून चक्र लांबतं.

माणसातला पुरावाही द्या. २००१ मध्ये एका कुटुंबात पीईआर-२ च्या ६६२ व्या सेरीनच्या जागी ग्लायसीन हे अमिनो आम्ल सापडलं, ज्यावर फॉस्फेट लागूच शकत नाही. ही माणसं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपतात आणि पहाटे साडेचारला टक्क जागी.

धागाकर्ती:
अरे वा, आता उलगडलं! परीक्षक हमखास विचारतील असं एक: शरीराचं तापमान वाढलं तर एन्झाइमचा वेग वाढतो. मग घड्याळ २४ तासांच्या आसपास राहतं कसं?

प्रतिसाद २ (अर्धीरात्र):
२०१५ मधलं 'फॉस्फोस्विच' हे स्पष्टीकरण याच दोन जागांवर उभं आहे. तापमान वाढलं की प्रथिन टिकवणाऱ्या जागेकडे पारडं झुकतं, त्यामुळे बाकीच्या घाईची बरीच भरपाई होते. सीआरवायसाठी एक स्लाइड वेगळी ठेवा. त्याला नष्ट करण्यासाठी एफबीएक्सएल-३ हे प्रथिन लागतं. ते बिघडलेल्या 'आफ्टरअवर्स' उंदरांचा दिवस सुमारे २७ तासांचा होतो. आणि आकृतीत कायनेजपासून पीईआर-२ कडे एकच बाण काढू नका, दोन रंगांचे दोन काढा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.