बाजारभाव सांगणाऱ्या एजंटसाठी टूलचे वर्णन कसे लिहावे?

प्रश्न : कांदा_आणि_कोड

नमस्कार. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांसाठी मी बाजारभाव सांगणारा एजंट, म्हणजे भाषा मॉडेलवर चालणारा एआय सहायक, तयार करत आहे. त्याला 'गेट प्राइस' आणि 'प्राइस हिस्टरी' अशी दोन टूल, म्हणजे माहिती आणण्यासाठी तो स्वतः चालवू शकतो असे कोडचे भाग, दिली आहेत. पहिल्याचे वर्णन 'बाजारभाव मिळवते' आणि दुसऱ्याचे 'जुने भाव मिळवते' एवढेच आहे. कोड बरोबर चालतो, तरीही उत्तरे चुकतात. लासलगावच्या उन्हाळ कांद्याचा भाव विचारला, तर लाल कांद्याचा मिळतो. लिलाव बंद असलेल्या दिवशी टूल रिकामी यादी देते आणि एजंट 'आज आवक झाली नाही' असे ठामपणे सांगतो. सर्वांत गंभीर चूक सोलापूरच्या चौकशीत झाली. सभासदाकडे प्रत्येकी ५० किलोच्या ४० पिशव्या होत्या आणि टूलने १८५० हा दर दिला. तो दर क्विंटलचा असताना एजंटने पिशवीचा धरला आणि ३७,००० रुपयांऐवजी ७४,००० रुपये सांगितले. अशा आकड्यावर विसंबून कोणी गाडी भरून निघाला, तर त्याचे मोठे नुकसान होईल. वर्णनात नेमके काय लिहावे?

उत्तर १ : सूत्रधार_पुणे

एजंटमागच्या भाषा मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. त्याला टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटरची (टूलला द्यायच्या मूल्यांची) माहिती एवढेच दिसते, त्यामुळे कोड लिहिताना जे तुम्ही गृहीत धरले होते ते सारे शब्दांत उतरवावे लागते. मी 'गेट प्राइस'चे वर्णन असे लिहीन :

'एका बाजार समितीतील एका शेतमालाचे एका दिवसाचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर देते. सर्व दर रुपये प्रति क्विंटल, म्हणजे १०० किलोला, आहेत. वापरकर्त्याने एकच भाव विचारला असल्यास सर्वसाधारण दर सांगावा. कांद्यासाठी जात आवश्यक आहे. ती सांगितलेली नसल्यास वापरकर्त्याला विचारावी, अंदाज करू नये. रिकामी यादी म्हणजे त्या दिवसाची नोंद मिळाली नाही. त्यावरून आवक शून्य होती असे समजू नये. अनेक दिवसांचे दर हवे असल्यास प्राइस हिस्टरी वापरावे.'

यातील रिकाम्या यादीविषयीचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. रिकाम्या यादीचा अर्थ फक्त टूल लिहिणाऱ्याला ठाऊक असतो, आणि तो सांगितला नाही तर मॉडेल स्वतःच एखादे पटेल असे कारण जोडते. टूल केव्हा वापरू नये हेही लिहिणे तितकेच आवश्यक आहे, कारण दोन टूलची कामे जवळजवळची असतात तेव्हा निवडीतला घोळ तिथेच होतो.

उत्तर २ : यादीकार

वरील वर्णन चांगले आहे, परंतु सारा भार वर्णनावर टाकण्यास माझा विरोध आहे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे मॉडेलला टूल जोडण्याची खुली पद्धत, जी अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली, त्यात प्रत्येक टूलबरोबर नाव आणि वर्णनाशिवाय जेसन स्कीमाही, म्हणजे कोणते पॅरामीटर कोणत्या स्वरूपात द्यायचे याचा आराखडाही, मॉडेलपुढे ठेवता येतो. कांद्याची जात तिथे ठरावीक पर्यायांची यादी म्हणून द्या आणि ते पॅरामीटर अनिवार्य करा. एककाचे तर वर्णनावर अजिबात सोडू नका. टूलच्या उत्तरातल्या रकान्याचे नावच 'दर प्रति क्विंटल' ठेवा, म्हणजे संभाषण कितीही लांबले तरी आकडा आणि एकक एकत्र राहतील. तारखेचा नमुनाही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने बांधून द्या. ०५/०६/२०२५ ही ५ जून की ६ मे, हा प्रश्न मॉडेलसमोर येऊच नये. शिवाय टूलची वर्णने प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात आणि त्यांचे टोकन (मजकुराचे छोटे तुकडे) मोजले जातात, म्हणून जे स्कीमात किंवा उत्तरात मावते ते वर्णनात पुन्हा लिहू नये. रिकाम्या यादीऐवजी 'लिलाव बंद' आणि 'नोंद अद्याप आलेली नाही' अशा दोन वेगळ्या स्थिती कोडमधूनच परत करता आल्या, तर उत्तम.

उत्तर ३ : चाचणी_घर

दोघांच्या सूचना अमलात आणण्यापूर्वी सभासदांनी खरोखर विचारलेले तीसेक प्रश्न त्यांच्याच शब्दांत जमवा आणि प्रत्येक बदलानंतर तेच प्रश्न पुन्हा चालवून पाहा. एका वेळी एकच वाक्य बदला. आजची तारीख मॉडेलला आपोआप कळत नाही. ती मॉडेलला दिलेल्या सूचनांमध्ये नसेल तर 'कालचा भाव' या शब्दांना काही आधारच उरत नाही.

कांदा_आणि_कोड

सर्वांचे आभार. रकान्याचे नाव बदलताच पिशव्यांचा हिशेब बरोबर येऊ लागला, आणि जात अनिवार्य केल्यापासून एजंट 'लाल की उन्हाळ?' असे आधी विचारतो. प्रश्नांच्या संचामुळे मात्र एक वेगळीच चूक सापडली. 'गेल्या सोमवारचा भाव' विचारला की एजंट 'प्राइस हिस्टरी'कडेच वळत होता, एका दिवसाचा भाव हवा असूनही. दोष माझ्या 'जुने भाव' या शब्दांचा होता. भाव किती जुना आहे यावर या दोन टूलमधला फरक ठरतच नाही, तो ठरतो दिवसांच्या संख्येवर. आता पहिल्या वर्णनात 'आजचा किंवा मागील कोणताही एक दिवस' आणि दुसऱ्यात 'सलग दोन किंवा अधिक दिवस' असे लिहिले आहे, आणि तो प्रश्न योग्य टूलकडे जातो.